नुसतं 'काढून'

फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला आणि तिला मळमळून आलं. मागच्या भिंतीवर तेलकट, राखाडी, मऊ असं काहीतरी जाड थराने बसलं होतं. त्यात केस होते, मेलेले मुंगळे होते, बाटलीचं एक झाकण होतं आणि खालच्या कडेला झुरळांची अंडी अगदी ओळीने मांडून ठेवल्यासारखी होती. अकरा वर्षं या भिंतीच्या अलीकडे उभं राहून आपण स्वयंपाक केला आणि तो चवीने खाल्ला, हे आठवून तिने तोंडावर पदर धरला.

खरं म्हणजे घाणीचं तिला नवल नव्हतं. लॉन्ड्रीच्या काउंटरवर तिची वीस वर्षं लोकांचे कपडे उलटेपालटे करून बघण्यात गेली होती. कॉलरचा मळ, काखेतला पिवळेपणा, खिशात विसरलेली अर्धी चघळलेली गोळी, सगळं तिने हाताळलं होतं. डागाकडे नुसतं बघून तो कशाचा आहे आणि निघेल की नाही, हे ती सांगायची आणि ते खरं व्हायचं. पण परकी घाण वेगळी. ती पिशवीत घालून, नंबर लावून आत पाठवता येते. स्वतःच्या घरातली घाण स्वतःच्याच नखांत जाऊन बसते.

शनिवारी सकाळी ट्रक येणार होता. आज बुधवार. नवं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, म्हणजे आत्ताच्यापेक्षा एक खोली कमी. भांडी कमी करता येतात, कपाट विकता येतं. पण त्या घरात सासऱ्यांची खाट कुठे लागणार, हा एक प्रश्न घरात महिनाभर होता आणि तिच्याशिवाय तो कोणी तोंडातून काढत नव्हतं. तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा नवरा म्हणाला होता, "बघू. जागेवर गेल्याशिवाय कळत नाही."

जागेवर गेल्याशिवाय कळत नाही असं म्हणणारा हा माणूस धंद्याने ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढून देणं हेच त्याचं काम. नव्या घराची मापं त्याने पहिल्याच दिवशी फीत लावून घेतली होती, अगदी नळाच्या तोटीची भिंतीपासूनची उंचीसुद्धा.

नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीने त्याचं नाव 'टिश्यू' ठेवलं होतं, ते काही उगीच नाही. दाराची कडी तो टिश्यूने धरायचा. बसायच्या आधी खुर्ची पुसायचा, बसून उठला की हात पुसायचा. घर हलवायचं ठरल्यावर त्याने रबरी हातमोजे आणले, तोंडाला फडकं बांधलं आणि सामानाला चिठ्ठ्या लावण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पिवळ्या चिठ्ठ्या, वर छापल्यासारखं अक्षर. ज्या वस्तू न्यायच्या त्यांच्यावर 'काढून ठेव', ज्या फेकायच्या त्यांच्यावर 'काढून टाक'. चिठ्ठी लावायची त्याने. काढायचं, ठेवायचं आणि टाकायचं तिने. मोरीतल्या गंजलेल्या बादलीवर त्याने चिठ्ठी लावली तीही हात लांब करून, बादली चावेल की काय अशा भीतीने.

"अहो, जरा फ्रीजमागे बघा तरी," ती ओरडली.

"नको नको. मला ओकारी येते," आतून आवाज आला. "तू काढ. तुला सवय आहे."

सवय! सवय होते असं म्हणतात ते ज्यांना करावं लागत नाही ते. तिला कधीच सवय झाली नव्हती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी सासऱ्यांची खाट होती आणि खाटेखाली त्यांचं खाकरून थुंकायचं भांडं. ते दिवसातून तीनदा रिकामं करताना ती दरवेळी तोंड फिरवायची. पेल्यातली कवळी, गादीखाली लपवलेली, मुंग्या लागलेली अर्धी बिस्किटं, पायजम्याचा ओला वास. तिला किळस यायची आणि ती किळस तिने कधी लपवली नाही. सासरेही काही कमी नव्हते. भांडं पुढे करताना म्हणायचे, "घ्या सूनबाई, आजची ताजी आवृत्ती." ती नाक मुरडायची, ते हसायचे, हसता हसता पुन्हा खोकायचे. असं साडेचार वर्षं चाललं होतं.

म्हाताऱ्याने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता डोळे गेल्यातच जमा, तरी लाल पेन्सिल उशाशी असायची. औषधाच्या खोक्यावरचं शुद्धलेखनसुद्धा ते सोडत नसत. काल ती त्यांच्याजवळ बसून सामानाची यादी करत होती. 'मोठं पातेलं' असं लिहून तिने खोडलं, मग वाटलं असू दे, म्हणून पुन्हा लिहायला गेली.

"पुन्हा लिहू नकोस," ते म्हणाले. "खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दे."

"टिंबं कशाला?"

"टिंबं म्हणजे, खोडलं ते चुकून, हा शब्द राहू द्या. खाली टिंबं दिसली की खिळे जुळवणारा जुळारी समजायचा. बिचाऱ्या शब्दाला पुन्हा जन्म घ्यावा लागत नाही."

तिने पातेल्याखाली चार टिंबं दिली होती. पातेलं वाचलं.

भिंत खरवडून ती बाहेर आली, तर सासरे खाटेवर उठून बसले होते आणि खाटेच्या दांडीवर डोळे लावून काहीतरी बघत होते.

"सूनबाई, तुझ्या नवऱ्याचं वाक्य अपुरं राहिलंय."

दांडीवर पिवळी चिठ्ठी होती. त्यावर त्याच छापील अक्षरात लिहिलं होतं, 'काढून'. एवढंच. पुढे भरपूर जागा कोरी.

"काढून काय?" म्हातारा म्हणाला. "ठेव की टाक? क्रियापद नको का माणसाला?"

"घाईत राहिलं असेल," ती म्हणाली. पण घाईत काही राहू देणारा तो माणूसच नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती आतल्या खोलीत गेली. नवरा टेबलाशी बसला होता. समोर नव्या घराचा नकाशा, पांढरा शुभ्र जाड कागद, पट्टीने मारलेल्या बारीक रेघा. एकेका वस्तूचा चौकोन आणि आत नाव.

"खाटेवरच्या चिठ्ठीवर पुढचं लिहायचं राहिलंय," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. "राहिलं नाही. मुद्दामच ठेवलंय. तू पूर्ण कर."

"मी काय पूर्ण करू?"

"अगं, कळत कसं नाही तुला?" त्याने आवाज खाली आणला. "मी एका ठिकाणी चौकशी केलीय. तिथे ठेवून घेतात म्हाताऱ्या माणसांना. फार स्वच्छ जागा आहे. फरशीत तोंड दिसतं. शुक्रवारीच न्यायचं म्हणजे शनिवारी गडबड नको. फक्त तू सांग त्यांना. तुझं ऐकतात ते. मला नाही जमत असलं काही."

तिची नजर नकाशावर गेली. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीशी, एक लांबट चौकोन होता. आत लिहिलं होतं 'बाबा'. त्या शब्दावरून पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारलेली होती आणि बाजूला नव्याने लिहिलं होतं, 'शू-रॅक'. रॅकची लांबी, रुंदी, उंची, सगळं दिलेलं.

म्हणजे जागेवर न जाताही कळलं होतं तर. तिला एकदम शिसारी आली. फ्रीजमागच्या भिंतीची आली होती तशीच, तिथूनच, पोटाच्या तळातून. घाण उपसायची तिने, भांडं धुवायचं तिने, आणि आता हा शब्दही तिनेच लिहायचा. त्याचे हातमोजे पांढरे ते पांढरेच.

ती बाहेर आली. सासरे आडवे झाले होते, तोंड भिंतीकडे. झोपेचं सोंग तिला ओळखू येत होतं. खरे झोपले की घोरायचे. या घराच्या भिंती पातळ होत्या आणि म्हाताऱ्याचे डोळे गेले असले तरी कान शाबूत होते. तिने चिठ्ठीकडे पाहिलं. 'काढून'च्या पुढे लाल पेन्सिलीने थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'टाका'. पुढे पूर्णविरामही दिला होता.

"बाबा," ती म्हणाली.

"अपुरं वाक्य मी कधी छापायला जाऊ दिलं नाही," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "आणि 'टाक' नको. हमाल वाचणार ते. त्यांना अहोजाहो करावं." मग थोड्या वेळाने, "भांडं मी आज वापरलेलं नाही. धुवायची गरज नाही तुला."

हे ऐकून मात्र ती तिथे थांबू शकली नाही. रडायला तिला वेळ नव्हता आणि राग इतका होता की हाताला काम हवं होतं. ती तरातरा आतल्या खोलीत आली आणि दोघांचा मोठा पलंग धरून ओढायला लागली.

"आत्ता कशाला?" नवरा म्हणाला. "पलंग शुक्रवारी काढायचा ठरलंय."

तिने ऐकलं नाही. पाय लावून तिने पलंग भिंतीपासून हातभर सरकवला. भिंत आणि पलंग यांच्यामधून भसाभस काहीतरी खाली कोसळलं.

टिश्यूचे बोळे. पाच-पन्नास नव्हे, ढीग. त्याच्या बाजूला, बरोबर त्याच्या उशीच्या मागे, अकरा वर्षांचे बोळे. काही नवे, काही पिवळे, काही शेंबडाने दगडासारखे वाळलेले, काहींवर काळी बुरशी. सर्दीचे, घामाचे, आणखी कशाकशाचे, ते तिला सांगता आलं असतं पण तिने मनातल्या मनातही सांगितलं नाही. मधूनमधून कानातल्या मळाच्या काड्या आणि चंद्रकोरीसारखी कापलेली नखं. खालचे बोळे ओलीने कुजून एकजीव झाले होते, आणि त्यातून चांदीच्या रंगाचे किडे बाहेर पळत होते. वास आला तेव्हा तिने श्वास धरला.

ज्याला बापाच्या खाकरण्याची ओकारी यायची, तो रात्री झोपताना नाक पुसून बोळा मागे टाकत होता. टाकला की दिसत नाही, दिसत नाही म्हणजे घाण नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. आणि ती अकरा वर्षं त्याच भिंतीशी डोकं ठेवून झोपली होती.

"ई!" नवरा खुर्चीवरून उठला आणि दाराकडे सरकला. "शी, काय आहे ते? झाकून टाक आधी!"

"तुमचंच आहे," ती म्हणाली. "ओळखत नाही का?"

तो लाल झाला. "बरं, असेल. टाक उचलून. हातमोजे घाल."

तिने हातमोजे घातले नाहीत. खाली वाकून तिने त्या कुजलेल्या थरात उजव्या हाताचं बोट घातलं. अंगावर काटा आला, घशाशी आंबट आलं, तरी तिने ते बोट पुरतं काळं होऊ दिलं. मग ती टेबलाशी गेली आणि त्या शुभ्र नकाशावर, रेघ मारलेल्या 'बाबा' या शब्दाखाली तिने बोट टेकवलं. एकदा. जरा बाजूला पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा. चार काळी, ओलसर टिंबं.

"हे काय केलंस? वेड लागलं का तुला?" तो जवळ यायला धजत नव्हता. "महिन्याचं काम आहे माझं!"

"छापखान्यातल्या माणसाचा मुलगा ना तुम्ही? टिंबं वाचता येत नाहीत?"

त्याला वाचता येत होती. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्याने मुद्रितं पाहिलेली होती. तो पडेल आवाजात म्हणाला, "तिथे शू-रॅक येतोय."

"मग बुटांची चौकशी करा त्या स्वच्छ जागेत. फरशीत तोंड दिसतं म्हणता, बुटांना आवडेल." ती बोलतच राहिली. "खाट लागणार असेल तर मी येते. नसेल तर शनिवारचा ट्रक तुमचा तुम्ही भरा. आणि हेसुद्धा तुम्हीच भरा." तिने ढिगाकडे बोट केलं, त्याच काळ्या बोटाने. त्याने डोळे मिटून घेतले.

मग टेबलावरचा टिश्यू उचलून तो नकाशापाशी आला आणि अंतर राखून टिंबं पुसायला लागला. टिंबं आणखी पसरली.

"निघत नाही हे," तो म्हणाला.

"नाहीच निघणार. वीस वर्षं डाग बघतेय मी." ती दारात थांबली. "पुसू नका, वाढेल."

त्याने टिश्यूचा बोळा केला. तो नेहमीसारखा कुठेतरी मागे टाकायला हात गेला आणि तिच्याकडे पाहून तसाच थांबला. बोळा मुठीतच राहिला.

ती हात न धुता बाहेर आली. सासरे अजून भिंतीकडे तोंड करून होते, खांदे आखडलेले. घोरत नव्हते. ती खाटेशी वाकली आणि दांडीवरची पिवळी चिठ्ठी तिने काढून टाकली.