अडीच ओळी

आमच्या सृष्टीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. सृष्टी माझ्या मुलाची मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या बायांनी चांगुणेला मांडवात मधोमध बसवलं आणि गाणं धरायला सांगितलं. चांगुणा माझी बायको. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी ती स्वतः रचायची. नळावरच्या भांडणाचं गाणं, विहाराला फरशी बसली त्याचं गाणं, सुनेच्या पहिल्या पगाराचं गाणं. पन्नास वर्षांत किती रचली कोण जाणे, सगळी तिच्या डोक्यात. त्या दिवशी तिनं नळाचं गाणं धरलं आणि दुसऱ्या कडव्याला थांबली. बाया वाट बघत राहिल्या. मग ती म्हणाली, "पाणी गेलं बाई नळाचं." सगळ्या हसल्या. मी हसलो नाही, कारण त्या गाण्यात ती आजवर कधीच अडली नव्हती.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो बघून सांगितलं, रक्त कमी पोचतंय, विसरणं वाढत जाणार. औषधानं सावकाश वाढेल, पण थांबणार नाही. परत येताना रिक्षात चांगुणा म्हणाली, "माझी गाणी लिहून ठेवा. मी जाईन तर जाईन, गाणी कशाला संगं नेऊ?"

मी हो म्हणालो.

मला अक्षर उशिरा आलं. नाशिकच्या भद्रकालीतल्या एका छापखान्यात मी हमाल होतो. कागदाची रिमं वाहायची आणि छपाई झाली की अक्षरांचे शिशाचे खिळे रॉकेलनं धुवायचे. खिळे जुळवणारा सावळीराम माझा दोस्त. एकदा तो म्हणाला, "सहादू, रोज अक्षरांना आंघोळ घालतोस, त्यांची नावं तरी विचार." मी बेचाळीस वर्षांचा होतो. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून मी आधी उलटी बाराखडी शिकलो आणि मग सुलटी. वाचायला यायला लागलं, पण हातानं लिहायला कधी नीट जमलं नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापलेलं अक्षर मात्र मला फार आवडायचं. शिरोरेषा सरळ, वेलांटी जागच्या जागी.

म्हणून चांगुणेची गाणी माझ्या हातानं लिहायची नाहीत, छापल्यासारखी लिहायची, असं मी ठरवलं. सृष्टी पुण्याला सासरी जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली होती. तो फार रखडायचा. शालिमारला खलीलभाईचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, तिथं मी तो नेला. त्यानं जुनी सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्राम, काढून त्यावर फुकटातली टाकून दिली, लिनक्स नावाची. "चाचा, जुन्या मशीनला हीच बरी," म्हणाला. "आणि ही नाही आवडली तर दुसरी आहे. शेकडो प्रकार आहेत, सगळे फुकट." पेनड्राइव्हवर नवी सिस्टिम कशी घ्यायची आणि लॅपटॉपवर कशी चढवायची, तेही त्यानं दाखवलं.

ते दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्यात त्याचा काही दोष नाही.

पहिल्या सिस्टिममध्ये मी नळाचं गाणं टाइप केलं. नीट बघितलं तर शिरोरेषेला अक्षराअक्षरात बारीक फट. मला झोप लागेना. आठवड्यानं दुसरी टाकली. तिच्यात फट नव्हती, पण वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची. तिसरीत अक्षर छान, पण पडदा डोळ्यांत खुपायचा. चौथी चांगली होती, तिला मी काय म्हणून काढलं ते आता मलाही सांगता येत नाही.

दर दोन-तीन आठवड्यांनी नवी सिस्टिम घ्यायला मी शेअर रिक्षानं शालिमारला जायचो. खलील लांबूनच विचारायचा, "काय चाचा, ही पण नांदली नाही का?"

"नाय नांदली."

"तुमच्या घरात सासुरवास दिसतो. चाचींना विचारतो एकदा."

अक्षर हे कारण होतं, पण नुसतं तेच नव्हतं. आज लिहायचंच आहे तर खरं लिहितो. नवी सिस्टिम चढली की पडदा कोरा यायचा. त्याच्यावर अजून माझी एकही चूक नसायची. टाइप करायला लागलं की चुका दिसायच्या, बोट अडखळायचं, एक गाणं उतरायला दोन दिवस जायचे. सिस्टिम चढवायला दोन तास पुरायचे आणि ती चढली की काहीतरी पुरं केल्यासारखं वाटायचं. कॉलनीतले लोक मला कॉम्प्युटरवाले बाबा म्हणायला लागले होते. उभ्या जन्मात हमाल सोडून दुसरं कोणी काही म्हटलं नव्हतं.

चांगुणा शेजारी पाट टाकून बसायची. सिस्टिम चढताना यंत्र दर वेळी विचारतं, तुम्ही कुठं राहता? वेळ लावायला त्याला गाव हवं असतं. त्या यादीत नाशिक नव्हतं, मुंबईसुद्धा नव्हती. आपल्या देशाला एकच नाव, कोलकाता. मी तेच दाबायचो.

"आलात का कलकत्त्याहून?" चांगुणा विचारायची. "सारखे सारखे जाता. तिकडं दुसरी केली का काय?"

"अगं, हे विचारतं, मी सांगतो."

"मग मलाबी विचारा की. मीबी सांगते."

सृष्टी फोनवर म्हणाली होती, "आजोबा, मी दिवाळीला येते आणि आजीचं सगळं रेकॉर्ड करून घेते." माझा फोन बटणांचा, त्यात तसलं काही नव्हतं. मी तिला म्हणालो, "कशाला? मी छापतोय ना. तू ये, पण सुट्टी म्हणून ये." दिवाळीला ती आली. आम्ही करंज्या खाल्ल्या, आणि मी तिला सातवी सिस्टिम दाखवली.

त्यानंतरची एक सिस्टिम जरा टिकली आणि जानेवारीपर्यंत तिच्यात अकरा गाणी टाइप झाली. मग मला आणखी एका सिस्टिमबद्दल कळलं, तिच्यात मराठी फार सुबक दिसते म्हणे. पेनड्राइव्ह माझ्याकडे एकच. त्यावर नवी सिस्टिम घेतली, म्हणजे गाणी ठेवायला जागा राहिली नाही. दुसरा घेऊन ये, मग चढव, असं मनात आलं होतं. पण रिक्षानं पुन्हा शालिमारला कोण जाणार? या वेळी गाणी राहतील आत, अशी मनाची समजूत घातली. 'पूर्ण डिस्क पुसू का?' असं यंत्रानं विचारलं आणि मी होय दाबलं. याआधीही दाबलं होतं, पण तेव्हा आत एखाददुसरंच गाणं असायचं आणि ते चांगुणा परत सांगायची.

मी तिला सांगितलं, पुसलं गेलं. ती रागावली नाही. "पुन्यांदा सांगते," म्हणाली. बसली. अकरांतली चार पुरी सांगितली. बाकीच्यांची चाल गुणगुणायची, शब्द येईनात. मध्येच माझ्याकडे बघायची, जणू ते माझ्याकडे ठेवायला दिले होते. खरंच दिले होते.

त्यानंतर तरी थांबायला हवं होतं. ती चार मी तेवढी पेनड्राइव्हवर ठेवली. ते मी शिकलो, पण सिस्टिम बदलणं सोडलं नाही. दुसरा पेनड्राइव्ह विकत आणला आणि वाटलं, आता काही भीती नाही.

एप्रिल महिना, दुपारचे तीन. कॉलनीत सगळीकडे जयंतीचे निळे झेंडे लागले होते. चौदावी सिस्टिम चढत होती. पडद्यावर पट्टी पुढे सरकत होती. चांगुणा बरेच दिवस गप्प गप्प असायची, त्या दिवशी तिला एकदम तरतरी आली.

"आवो, तुमच्यावर एक गाणं हाय."

"माझ्यावर? कधी केलंस?"

"तुम्ही अक्षर शिकला तवा. कधी म्हणलं नाय. लाज वाटायची."

"म्हण ना आता."

ती म्हणायला लागली. जवळ माझी वही होती, सिस्टिमची नावं आणि पासवर्ड लिहायची. तिच्याच मागच्या पानावर मी पेन्सिलीनं भराभर उतरवून घेतलं:

शाई धुतो धनी माझा, शाई सुटंना हाताची,
वळख धरितो गं बाई उलट्या अक्षराची.
घरी येऊन मला म्हणं

इथं पट्टी संपली आणि यंत्रानं आवाज केला. तुम्ही कुठं राहता?

"थांब जरा," मी म्हणालो. "हे विचारतंय."

ती थांबली. मी कोलकाता दाबलं. नाव टाकलं, पासवर्ड दोनदा टाकला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागली असतील. मग मी वळलो आणि वही पुढे ओढली.

"हां, म्हण. घरी येऊन मला म्हणं..."

"कोण घरी आलं?" चांगुणेनं विचारलं.

मी तिला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिनं नीट ऐकल्या. "चांगलं हाय," म्हणाली. "कुणी केलं?"

त्या दिवशी लॅपटॉप बंद केला तो पुन्हा सिस्टिम चढवायला उघडला नाही. रोज वही घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो. त्या दोन ओळी म्हणायचो आणि थांबायचो. ती कधी माझ्याकडे बघून हसायची, कधी चाल धरायची आणि तिसऱ्या ओळीशी माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पुढचं मी सांगावं असं तिला वाटायचं. मीही पुष्कळ आठवून बघितलं. अक्षर आलं त्या दिवशी मी घरी येऊन तिला काहीतरी म्हणालो असणार, आणि ते तिला गाण्यात घालावंसं वाटलं, म्हणजे चांगलंच काही असणार. मला आठवत नाही. सावळीरामला विचारावं तर तो कधीचाच गेला. आणि त्याला तरी काय ठाऊक, मी घरी काय बोललो ते?

पावसाळा सरता सरता ती मला ओळखेनाशी झाली. मला ती छापखान्यातले भाऊ म्हणायची आणि चहा विचारायची.

लॅपटॉप सृष्टीला परत दिला. खलीलभाई एकदा बाजारात भेटला, काही चेष्टा केली नाही. "चाची कशा आहेत?" एवढंच म्हणाला.

हे सगळं मी पेनानं वहीत लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. चांगुणा म्हणाली असती, हेच तेव्हा केलं असतं तर काय बिघडलं असतं? तिची चार गाणी पुढच्या पानांवर माझ्या हातानं उतरवली आहेत, आणि शेवटी त्या अडीच ओळी. त्यांच्याखाली जागा मोकळी ठेवली आहे.

माझी बायको चांगुणा सहादू गांगुर्डे रविवारी, अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, सकाळी नऊच्या सुमाराला घरीच वारली.