भुऱ्याच्या पाठीवरचं केशरी

गोठलेलं लाकूड फुटतं तेव्हा त्याचा आवाज ओल्या लाकडासारखा मऊ नसतो. हाड मोडावं तसा तो कोरडा, एकदाच होतो आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर आपटून परत येतो. विलास ढोबळे मला आठवतो तो या आवाजातून. मिशिगनच्या उत्तर भागात, मॅकिनॉचा लांब पूल ओलांडल्यावर, जिथे डांबरी रस्ता संपून वाळूचा सुरू होतो आणि मोबाइलवरची शेवटची रेघही मावळते, तिथल्या सरकारी जंगलातल्या तळावर तो उजाडण्याआधी तंबूतून बाहेर पडायचा आणि कुऱ्हाड उचलायचा. आधी घाव, मग उजेड, असा त्या सकाळींचा क्रम होता. पाय रोवलेले, मान किंचित खाली, श्वासाची वाफ दाढीत अडकलेली. कुऱ्हाड डोक्यामागे गेली की ती तिथे क्षणभर थांबायची, आणि मगच खाली यायची. पुढे मला कळलं की त्या थांबण्यातच सगळा विलास होता.

तो नागपूरचा, वयानं माझ्याएवढा. ॲन आर्बरमध्ये एका कंपनीत प्रोग्रामर होता आणि आमच्या वरच्या मजल्यावर बायको मीनलसह राहत होता. त्याच्या रागाची ओळख मला त्याच्या आधी झाली. २००१च्या शरदात, सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर देशभर झेंडे लागलेले असताना, पेट्रोल पंपावर एक माणूस त्याच्या तोंडावर थुंकला आणि आपल्या देशात परत जा म्हणाला. विलासनं तोंड पुसलं, टाकी भरली, गाडीत बसला. संध्याकाळी त्याच्या घरातून मोठा आवाज आला म्हणून मी वर गेलो, तर बाथरूमच्या दाराला मुठीएवढं भोक पडलेलं होतं आणि मीनल त्याच्या बोटांमधल्या लाकडाच्या चिपा काढत होती. ज्याच्या पासपोर्टात व्हिसाचा शिक्का असतो त्याला हात उचलण्याची मुभा नसते. त्याची मूठ मग दार शोधते, भिंत शोधते, लाकूड शोधते. त्या काळात असे हात पुष्कळ होते. विलासचा हात इतकाच वेगळा की तो कधी पुरता उलगडायचाच नाही. चहाचा कप धरतानाही बोटं अर्धी मिटलेलीच असत.

पुढच्या वर्षी त्यानं बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून दोन कुत्री आणली. राणी काळी, शांत, म्हाताऱ्या बाईसारखी बसून सगळं पाहणारी. भुऱ्या मातकट रंगाचा, रुंद छातीचा. त्याच्या पाठीवर कुणीतरी कधीकाळी साखळीनं ओढलेले वळ होते, आणि त्यांवर केस पुन्हा उगवले नव्हते. माणसानं हात वर केला की तो आधी आक्रसायचा आणि मग झेपावायचा. टपालवाल्याची बाही त्यानं फाडली, शेजाऱ्याच्या कुत्र्याचा कान फाडला. निवाऱ्यातल्या बाईनं स्पष्ट सांगितलं होतं की हा परत आला तर त्याला मरणाची सुईच टोचावी लागेल. म्हणून विलासनं त्याला परत नेलं नाही. त्यानं नकाशा आणला आणि ज्या जागी माणसंही नसतात आणि दुसरी कुत्रीही नसतात अशा जागा शोधायला सुरुवात केली.

नळ, दिवे आणि ओळीत उभ्या गाड्या असलेले तळ विलास आणि भुऱ्या या दोघांसाठी नव्हतेच. त्यांना लागायचा एक हातपंप, खड्ड्याचा संडास, दगडांनी वेढलेली चुलाण्याची जागा आणि भोवती मैलोन्‌मैल कुणी नसणं. तिथे भुऱ्याचा पट्टा सुटायचा. वाळूवरून तो धावायचा तेव्हा त्याच्या धावण्यात खेळ नसे. कशापासून तरी सुटल्यासारखा तो धावायचा, जंगलाच्या कडेला घासून वळायचा आणि तोंडात रॅकून किंवा ससा घेऊन, मान झटकत परत यायचा. छातीवर रक्त, डोळ्यांत तृप्ती. विलास त्याला ओरडायचा नाही. तळ्याच्या पाण्यानं त्याचं तोंड धुवायचा, आणि त्या वेळी, फक्त त्या वेळी, त्याची बोटं पूर्ण उघडलेली मी पाहिली आहेत.

“इथे दोघांनाही कोणी नोटीस देत नाही बे,” तो एकदा म्हणाला होता. अपार्टमेंटच्या ऑफिसनं तेव्हा त्याला लेखी ताकीद दिली होती: आणखी एक तक्रार आली की कुत्रा जाईल. शुक्रवार ते रविवार जंगलात दमवून आणला तरच भुऱ्या उरलेला आठवडा दारामागे गप्प राहायचा. त्यामुळे विलासला शनिवार चुकवता येत नव्हता; ऋतू कुठलाही असो.

उत्तरेतला नोव्हेंबर हा ऋतू नसून हल्ला असतो. मोठ्या सरोवरावरून वारा येतो तो सरळ येत नाही, लाटांवर आपटून, फेसाळून, झाडांचे शेंडे पिळत येतो. बर्चची झाडं उन्मळून पडतात, तंबूच्या दोऱ्या रात्रभर शीळ घालतात, आणि सकाळी वाळूवर मेलेले मासे गारगोट्यांसारखे टणक झालेले असतात. याच महिन्यात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. एरवी निर्मनुष्य असणाऱ्या जंगलात पिकअप गाड्या येतात, झाडांवर मचाणं चढतात, आणि तिथे हिंडणाऱ्या प्रत्येकानं, माणूस असो की कुत्रा, अंगावर शिकाऱ्यांचा नारिंगी रंग बाळगायचा असतो. विलासला हे माहीत होतं. त्यानं हयगय केली नाही. त्यानं जे केलं ते फार मनापासून केलं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत फेटे बांधण्याचं काम त्याचं असायचं. शाळेच्या जिममध्ये तो मधोमध उभा राहायचा आणि लेझीमवाली पोरं एकामागून एक त्याच्यापुढे मान झुकवायची. कापडाला पीळ देताना त्याच्या हाताला जोर लागायचा, आणि बहुधा म्हणूनच ते काम त्याला आवडायचं. त्या वर्षीच्या मिरवणुकीनंतर केशरी कापड उरलं होतं. एका संध्याकाळी मी वर गेलो तर विलास जमिनीवर मांडी घालून, दुहेरी दोऱ्यानं, त्या कापडाचे कुत्र्यांसाठी दोन अंगरखे शिवत होता.

“अरे, दुकानात मिळतात ना रेडीमेड,” मीनल म्हणाली. “शिकारीवाल्यांचे. त्यावर लिहिलेलंच असतं.”

“तो प्लॅस्टिकचा रंग? हा बघ ना!” त्यानं कापड दिव्याखाली झटकलं. “या रंगाला परेडमध्ये लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.”

“गणपतीचा फेटा कुत्र्याला घालतोयस. आई ऐकतील तर...”

“आईला फोनवर काय दिसतंय?”

भुऱ्याला अंगरखा घातला. पोटाखाली दोन बंद, मानेशी एक गाठ. तो अवघडून उभा राहिला, हसू आल्यासारखं तोंड उघडून.

“नवरदेव झालाय,” मी म्हणालो.

“दिसला पाहिजे यार, बस,” विलास म्हणाला. “दुरून दिसला पाहिजे.”

आणि पार्किंग लॉटमध्ये, निघायच्या शुक्रवारी, दुपारच्या उन्हात तो खरोखरच दुरून दिसत होता. त्या राखाडी इमारतींत तेवढं एकच काहीतरी पेटलेलं होतं.

त्या रविवारी पहाटे तळावरच्या तंबूत मला जाग आली ती लाकडाच्या आवाजानं. बाहेर आलो तेव्हा आकाश शिसाच्या रंगाचं होतं. रात्रीच्या बर्फात भिजलेले अंगरखे कुत्र्यांच्या अंगावरच गोठले होते. राणी गाडीला बांधलेली. भुऱ्या तळ्याच्या टोकाला, देवदाराच्या दाट झाडीकडे, नाक खाली घालून चाललेला. विलासनं एक ओंडका उभा केला. कुऱ्हाड वर गेली, थांबली, खाली आली, आणि लाकूड फुटल्याचे दोन आवाज झाले. दुसरा लाकडाचा नव्हता.

त्यानंतरचा आवाज भुऱ्याचा होता, आणि तो मी लिहू शकत नाही. विलास धावला. कुऱ्हाड त्याच्या हातातच होती. ती घेऊन धावतोय हे त्याला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मी पोहोचलो तेव्हा भुऱ्या बर्फावर पुढच्या दोन पायांवर उभा राहण्याची धडपड करत होता. गोळी पोटातून आरपार गेली होती. मागचा अर्धा भाग त्याच्यामागे नुसता ओढला जात होता, आणि त्या ओढण्याची रुंद तांबडी रेघ झाडीपासून इथवर आली होती. समोर एक म्हातारा उभा होता. पांढरी दाढी, तपकिरी जाड कोट, त्यावर नारिंगी जाकीट. त्यानं बंदूक बर्फावर आडवी ठेवली आणि दोन्ही तळवे उघडून तो तसाच उभा राहिला.

विलासची कुऱ्हाड वर गेली. डोक्यामागे गेली, आणि थांबली.

पेट्रोल पंप, बाथरूमचं दार, ऑफिसची नोटीस, सगळं त्या पात्यावर येऊन बसलेलं होतं. म्हातारा हलला नाही. “मला तपकिरी दिसलं,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. “देवाशपथ. फक्त तपकिरी दिसलं.”

विलासनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. त्या उजेडात म्हाताऱ्याचं जाकीट आपल्याच आत निखारा असल्यासारखं जळत होतं. ते पाहायला सूर्याची गरज नव्हती. आणि भुऱ्याच्या पाठीवर, मिरवणुकीत गाड्या थांबवणारं ते कापड, भिजलेलं, गोठलेलं, कुजक्या पानांच्या रंगाचं झालं होतं. हरणाच्या पाठीच्या रंगाचं. उन्हात मिरवण्यासाठी रंगवलेल्या सुती कापडाला स्वतःचा उजेड नव्हता. बंद, गाठ, दुहेरी दोऱ्याचे टाके, सगळं जागच्या जागी होतं.

कुऱ्हाड खाली आली. कुणावरही नाही, त्याच्या हातातून सुटून, बर्फात.

जनावरांचा डॉक्टर कित्येक तासांच्या अंतरावर होता आणि भुऱ्याजवळ तेवढा वेळ नव्हता. म्हाताऱ्यानं बंदूक उचलली आणि विलासकडे पाहिलं. विलासनं मान हलवली. पण भुऱ्या कुणालाच जवळ येऊ देत नव्हता, वेदनेनं आंधळा होऊन हवेला चावत होता, स्वतःच्या पोटाला चावत होता. तेव्हा विलास गुडघ्यांवर बसला आणि आपला उजवा हात त्यानं भुऱ्याच्या जबड्यात दिला.

“चाव,” तो म्हणाला. “चाव बे. जोरानं चाव.”

भुऱ्या चावला. ओळखीची सूट त्यानं दिली नाही. हाड करकरल्याचं मी ऐकलं. विलासनं डाव्या हातानं त्याची मान छातीशी धरली आणि तो त्याच्या कानात नागपूरच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिला. म्हाताऱ्यानं नळी पुढच्या पायामागे, हृदयाच्या जागी टेकवली. “हात काढून घे, पोरा,” तो म्हणाला. विलासनं नाही म्हटलं. गोळी सुटली. त्यानंतरही तो जबडा मला आणि म्हाताऱ्याला मिळून उघडावा लागला.

जमीन गोठलेली होती. म्हाताऱ्यानं त्याच्या गाडीतून फावडं आणलं. विलासनं हाताला टॉवेल गुंडाळून, डाव्या हातानं, कुऱ्हाडीनं माती फोडली. भुऱ्याला त्यानं अंगरख्यासह पुरलं. काम झाल्यावर म्हाताऱ्यानं अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, राणीजवळ गेला आणि तिच्या पाठीवर ते गुंडाळून बाह्यांची गाठ मारली. मग तो तपकिरी कोटात, आता स्वतःच न दिसणारा, झाडीकडे निघाला.

विलास त्याच्याकडे पाहत राहिला. त्या जंगलात त्या सकाळी किती बंदुका जाग्या होत्या कोण जाणे. मग त्यानं चहाचं पातेलं उचललं, कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं ते बडवत म्हाताऱ्याच्या शेजारी चालू लागला, आणि त्याच्या गाडीपर्यंत तसाच, ठण ठण करत, त्याला सोडून आला. तो आवाज लांब जाताना मी राणीजवळ बसून ऐकला.

पुढच्या गणपतीत त्यानंच फेटे बांधले. अंगठा वाकडा जुळला होता, त्यामुळे पिळाला पूर्वीचा ताण राहिला नव्हता आणि मिरवणुकीत पोरांचे फेटे सैल पडत होते. कुणी तक्रार केली नाही. राणीला घेऊन तो जंगलात जात राहिला, शिकाऱ्यांचं जाकीट तिच्या अंगावर उन्हाळ्यातही असायचं. २००७मध्ये कंपनीनं त्याला दूर दक्षिणेत, प्लेनोला पाठवलं. काही महिने फोन आले, मग सणासुदीचे आले, मग तेही थांबले. बाथरूमचं दार घरमालकानं बदलून घेतलं. त्या सगळ्या वर्षांची इथे उरलेली वस्तू म्हणजे त्यानं माझ्या डोक्यावर बांधलेला, पीळ न सोडता मी तसाच ठेवलेला एक फेटा.

हिवाळ्यात कधी लवकर जाग आली की मी दिवा न लावता तो कपाटातून काढतो आणि खिडकीत ठेवतो. त्या वेळी तो तपकिरी असतो. मग छपरांवरून ऊन येतं, काचेवर टेकतं, आणि पिळापिळातून केशरी रंग हळूहळू वर येतो, इतका लख्ख की रस्त्यापलीकडूनही दिसावा. खिडकीत रोज उजाडतं. त्या तळ्याकाठी मात्र अजून तेवढं उजाडलेलं नाही.