खालचा स्लॉट

रिजवाननं खोडरबरानं ग्राफिक्स कार्डाचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा घासले आणि कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या खालच्या स्लॉटमध्ये दाबलं. खटका वाजला. बटण दाबताच वरच्या आणि खालच्या, दोन्ही कार्डांचे पंखे गरगर फिरायला लागले. रिजवान श्वास धरून स्क्रीनसमोर बसला. कार्डांची यादी उघडली. नाव एकच.

“च्यायला ह्याच्या,” म्हणून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

कालपर्यंत त्याचं स्वतःचं कार्ड वर होतं आणि त्याच्या भागीदाराचं, धनाजीचं, खाली. तेव्हा मशीनला फक्त त्याचं कार्ड दिसायचं. आज अदलाबदल केली, तर आता फक्त धनाजीचं दिसत होतं. म्हणजे दोन्ही कार्डं ठणठणीत. एकेकटं घाला, कामाला वाघ. दोन्ही एकत्र घाला, की खालचं गायब. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, आणि मशीन म्हणतंय, मी नाही बघितलं बाबा कुणाला.

इंटरनेटवर एकानं सांगितलं होतं, ड्रायव्हर काढून नवा टाका. दुसऱ्यानं सांगितलं, नवा काढून जुनाच टाका. तिसरा म्हणाला, सगळी विंडोजच पुसा. आणि एका दाढीवाल्यानं व्हिडिओत हसत हसत सांगितलं, की त्याचंही असंच झालं होतं, मग एके दिवशी आपोआप चालू झालं. रिजवाननं सगळं करून बघितलं. आपोआप व्हायचीही वाट बघितली. शेजारच्या सायबर कॅफेवाल्याचा जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय उसना आणून लावला. शेवटी सांगलीच्या डीलरला फोन केला. तो जेवत होता. घास चावत म्हणाला, “खालचा स्लॉट उडालाय तुमचा. मदरबोर्ड बदला.”

तेही पटलं असतं. पण बुधवारी रिजवानचा गुडघा टेबलाला लागला होता आणि दुसरं नाव यादीत आलं होतं! चहाचा एक घोट घेईपर्यंत टिकलं आणि गेलं. मेलेला स्लॉट असा मधेच डोळे उघडतो होय? तेव्हापासून त्याचं डोकं पार चक्रावून गेलं होतं. जेवताना भाकरी हातात धरून तो विचार करत बसायचा आणि जन्नतबीला, त्याच्या आईला, ताट उचलू का म्हणून तीनतीनदा विचारावं लागायचं.

आताही ती चहा घेऊन स्टुडिओत आली. कॅबिनेटवर कप ठेवणार तोच तिचा हात थबकला. तिथं धनाजीनं एक लॅमिनेशन केलेली चिठ्ठी डकवलेली होती: ‘चहा लांब ठेवा.’ चारी कोपरे गोल कापलेले. धनाजीचं हे एक वेडच होतं. ओळखपत्र असो, दराचा तक्ता असो, कोपरे गोल केल्याशिवाय तो हातावेगळं करायचा नाही. टोक कुणाला टोचायला नको, म्हणायचा.

“अभी तक नै हुआ?” जन्नतबीनं विचारलं.

“नै अम्मी.”

“माया आलती सकाळी, आपल्या धनाजीची बायको. डबे परत द्यायला. एवढे दिवस पडलेले डबे, आज घासूनपुसून आणले.” तिनं कप टेबलावर ठेवला. “आटपाडीला जाणार म्हणत होती.”

“माहेर हाय तिचं. जाईल की,” रिजवान कॅबिनेटमध्ये डोकं घालून म्हणाला.

जन्नतबीनं त्याच्या पाठीकडं बघितलं आणि ती आत गेली.

रविवारी सांगलीत रिसेप्शन होतं. मोठ्या एलईडी पडद्यावर लग्नाची फिल्म दाखवायची होती. एका कार्डावर ती वेळेत तयार होईल की नाही, याची रिजवानला धास्ती होतीच. पण खरं सांगायचं, तर त्याचा जीव टांगणीला लागला होता तो फिल्मसाठी नाही. धनाजीसाठी.

धनाजी माण तालुक्यातला. बाप मेंढरं घेऊन फिरणारा. शिकायला कोरेगावात आला तेव्हा राहायला जागा नव्हती, तर ह्याच स्टुडिओत, ह्याच टेबलाखाली वळकटी टाकून झोपायचा आणि जन्नतबीच्या हातचं जेवायचा. पुढं दोघांनी मिळून लग्नं घ्यायला सुरुवात केली. कॅमेरा धनाजीचा, एडिटिंग रिजवानचं. गेल्या वर्षी धनाजीच्या आईनं, धोंडुबाईनं, हौसेनं चार कोकरं विकून लेकाला कार्ड घेऊन दिलं. तेव्हा रिजवानच म्हणाला होता, “वेगळं मशीन कशाला? माझ्या पेटीतच घालू. दोन कार्डं, निम्म्या वेळात काम.”

चाललंही होतं झकास. पण दिवाळीनंतर धनाजी गप्प गप्प राहायला लागला. पहिल्यासारखा फिरकी घेईना, वाद घालीना. मधेच “रिजवान, आटपाडीकडं हल्ली लय लग्नं हुत्यात गड्या,” असं काहीतरी काढायचा आणि रिजवान म्हणायचा, “मशीन नीट हूं दे, मग बघू.” कारण तोवर हे कार्डाचं झेंगट सुरू झालं होतं. आपल्या पेटीत मित्राचं कार्ड अडकून पडलंय म्हणूनच तो नाराज आहे, अशी रिजवाननं स्वतःची समजूत करून घेतली होती. मशीन नीट झालं की धनाजीही नीट होईल. एवढं साधं गणित होतं त्याचं. म्हणून तर रबर घासून घासून संपायला आलं होतं.

त्यानं चहा पिऊन टाकला, वायरी काढल्या आणि कॅबिनेट उचलून खिडकीखाली फरशीवर आडवं केलं. दोन्ही कार्डं बाहेर काढली. पालथं पडून मोबाईलच्या बॅटरीचा झोत खालच्या स्लॉटमध्ये टाकला. काही नाही. काळी खाच, आत पितळी दातांची रांग. लेन्स साफ करायच्या पंपानं हवा मारली. काही नाही. उठणार, तेवढ्यात झोत तिरका झाला आणि खाचेत काहीतरी चमकलं. काचेसारखं.

“अम्मी, सुई देना जरा!”

सुईच्या टोकानं त्यानं हळूच उकललं, तर आतून एक पारदर्शक पट्टी वर आली. लॅमिनेशनची. नखाएवढ्या रुंदीची, खाचेच्या एका बाजूला अंगासरशी चिकटून बसलेली. कार्ड खटका वाजवून बसत होतं खरं, पण तिच्यामुळं त्याचे दात स्लॉटच्या दातांना टेकतच नव्हते. टेबलाला धक्का लागला तेव्हा पट्टी कणभर सरकली असणार आणि कार्ड क्षणभर जागं झालं असणार.

रिजवान मोठ्यानं हसला. हसला कसला, खिंकाळलाच. एवढ्याशा कचऱ्यानं आपल्याला रडकुंडीला आणलं! स्टुडिओत लॅमिनेशनच्या कातरणांचा नुसता पाचोळा असतो, उडून पडलं असेल एखादं. पट्टी अंगठ्याला तशीच चिकटवून त्यानं घाईघाईनं दोन्ही कार्डं बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

यादीत दोन नावं.

पोरासारख्या उड्या माराव्याशा वाटल्या त्याला. त्यानं फोन उचलला आणि धनाजीला लावला. पहिल्या रिंगलाच धनाजीनं घेतला.

“आरं, मीच करनार हुतो तुला फोन,” धनाजी म्हणाला. “न्हाई ना चालत?”

रिजवाननं सांगायला तोंड उघडलं. पण धनाजी थांबलाच नाही. पाठ केल्यासारखा बोलत सुटला.

“नाद सोड गड्या त्याचा. तो बोर्डच तसला हाय. दोन कार्डं सोसनारा न्हाई. तू किती जीव जाळशील? मी काय म्हनतो... माझं कार्ड काढून ठिव. मला पायजे म्हनून न्हाई रं, तुला अडचन व्हाय नगं म्हनून. तुझं मशीन तुझ्या कार्डावर झ्याक चालतंय की. सांजच्याला घिऊन जातो मी.”

रिजवान ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं अंगठ्यावरची पट्टी सोडवून बोटात धरली आणि सहज उजेडात फिरवली. कातरण कसं असतं, वेडंवाकडं असतं. ही पट्टी सरळ रेघेत कापलेली होती. आणि तिचे चारी कोपरे गोल होते.

स्लॉटला टोचायला नको म्हणून.

“रिजवान? हायस न्हवं?”

“हाय.”

“मग ठिवतोस ना काढून?”

समोर स्क्रीनवर दोन्ही नावं एकाखाली एक, नीट ओळीत होती.

“ठेवतो,” रिजवान म्हणाला. “न्हाईच चालत गड्या. लय करून बघितलं.”

फोन ठेवल्यावर आधी त्याला संताप आला. असा संताप, की कार्ड उपटून रस्त्यावर भिरकावून द्यावं. इतके दिवस हा शेजारी बसून बघत होता! मी रबर घासतोय, मी पॉवर सप्लाय खांद्यावरून आणतोय, आणि हा म्हणतोय, आरं व्हय की, कसं काय न्हाई चालत. तोंडानं मागितलं असतंस तर मी काय कापून खाल्लं असतं तुला?

मग हळूहळू त्याला घासूनपुसून आणलेले डबे आठवले. ‘आटपाडीकडं लय लग्नं हुत्यात’ आठवलं. दर वेळी आपण काय उत्तर दिलं, तेही आठवलं. ह्या टेबलाखाली झोपलेल्या माणसानं ह्याच टेबलापाशी उभं राहून ‘माझं मला दे, मी चाललो’ म्हणायचं कसं? भीड नावाची चीज असते. त्यापेक्षा बोर्डावर खापर फोडलेलं बरं.

त्यानं मशीन बंद केलं आणि धनाजीचं कार्ड काढलं. दात आधीच लखलखत होते, तरी आणखी एकदा रबर फिरवलं.

दिवे लागायच्या सुमाराला धनाजी आला. हातात कापडी पिशवी. जन्नतबीनं चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच घेतला. “चाची, साखर कमी झाली गं आज,” म्हणाला, पण त्यात नेहमीची खोडी नव्हती. रिजवाननं कार्ड पुढं केलं. धनाजीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पिशवीत घालायला लागला.

“आटपाडीतला गाळा रस्त्यावर हाय का आत?” रिजवाननं विचारलं.

धनाजीचे हात पिशवीतच राहिले.

“रस्त्यावर,” तो म्हणाला. “सासऱ्यानं बघितलाय. तुला कुनी सांगितलं?”

रिजवाननं टेबलावरचा माऊस जरा बाजूला सरकवला. खाली ती पट्टी होती. धनाजीनं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. खाली बसला तो, स्टुलावर. कार्ड मांडीवर.

“मला तोंडानं मागता आलं न्हाई रं. रोज ठरवून यायचो. चाची ताट वाढायची, आन् सगळं घशातच बसायचं.”

“म्हणून कार्डाच्या तोंडाला पट्टी लावलीस व्हय?”

धनाजी हसला नाही. रिजवानलाही नंतर हसू आलं नाही.

“लय वाईट वाटलं मला,” रिजवान म्हणाला. “तू चाललास म्हणून न्हाई. मला येड्यात काढलंस म्हणून. आन् चाललास म्हणून पण.”

धनाजीनं मान हलवली. मग नाक ओढून कॅबिनेटकडं बघितलं.

“सांगलीची फिल्म? एका कार्डावर कवा हुनार?”

“होईल. न्हाई झाली तर शिव्या खाईन.”

धनाजी उठला. खिशातून त्यानं स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला, कॅबिनेटची बाजू उघडली आणि रिजवानला काही न विचारता कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. खटका वाजला. बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले, दोन्ही नावं आली. धनाजीनं स्टूल टेबलाशी ओढलं आणि म्हणाला, “त्या हळदीच्या शॉटमधी पिवळं लय झालंय. कमी कर.”

“पिवळं न्हाई व्हायचं तर हळद कशाला म्हणायचं?”

“आरं, पर नवरी काविळीची दिसतीय!”

आतून जन्नतबीनं दोघांच्या ताटांचा आवाज केला.

शनिवारी दुपारी फिल्म तयार झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघांनी बघितली, शेवटी दोघांची नावं आली तीही बघितली. रिजवाननं ती पेनड्राइव्हवर घेतली. मशीन बंद केलं. पंख्यांचा आवाज थांबला तेव्हा खोली फारच शांत झाली.

धनाजी उभा राहिला. कापडी पिशवीची घडी उलगडली, परत घातली. घसा खाकरला. दाराच्या चौकटीत जन्नतबी येऊन उभी होती, तरी त्यानं मान खाली घातली नाही.

“रिजवान,” तो म्हणाला, “माझं कार्ड मला दे.”

रिजवाननं त्याच्याकडं बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर उचलला.

“हे बघ, तोंडानं मागता आलं का न्हाई?” तो म्हणाला, आणि कॅबिनेटचा पहिला स्क्रू फिरवायला लागला. तो काही केल्या लवकर निघेना.