बरगडीचं दार

मित्रांनो, तुमच्या उजव्या बरगडीआड एक घर आहे. त्याला यकृत म्हणतात. आपण खाल्लेलं-प्यायलेलं सगळं त्याच्या उंबऱ्यावरून जातं, ते घर सगळं निवडतं, पाखडतं, साठवतं, आणि कधी कुरकुरत नाही. त्या घराच्या दारावर हळूच टकटक करायची आणि आतून येणारा आवाज ऐकायचा, एवढाच माझा जन्मभराचा धंदा.

तपासणीच्या यंत्राला जोडलेला हातात धरायचा दांडा, तो मी. लातूरच्या एका संशोधनाच्या खोलीत, खिडकीजवळच्या हुकाला मी टांगलेला असतो. अंगाला एक पोचा आहे. माझी वायर दोन ठिकाणी पांढऱ्या पट्टीनं बांधलेली आहे. म्हातारपण म्हणायला हरकत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. पांढऱ्या दिव्याखाली, हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं. पहिली टकटक मी एका मऊ रबरी ठोकळ्यावर केली होती, ती अजून आठवते. मग आगबोटीचं पोट, मग नांदेडची पहिली उन्हाळी दुपार. पुढे जीपमध्ये बसून मी देगलूरला गेलो, उमरीला गेलो. एका शिबिरात विनोद नावाच्या तंत्रज्ञाच्या हातून मी फरशीवर पडलो, तो हा पोचा. मला दुरुस्तीला पाठवलं आणि माघारी आल्यावर वर्षभर कुणी डबाच उघडला नाही. अंधारात पडल्या पडल्या मी ऐकलेले सगळे आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचो. निरोगी घरातून टकटकीची लाट सावकाश, झुळकीसारखी जाते. कडक झालेल्या घरातून ती दगडी गल्लीतून पळाल्यासारखी निघून जाते. आणि जिथं चरबी साचलीय तिथं आवाज ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखा विरतो.

मग लातूरला नवं संशोधन सुरू झालं आणि मला उजेड दिसला. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसांच्या यकृतातही चरबी का साचते, आणि चालण्यानं, खाणंपिणं सांभाळल्यानं ती किती उतरते, हे पाहायचं होतं. दोनशे चाळीस माणसं. प्रत्येकाची वर्षातून तीनदा तपासणी, आणि रोज काय खाल्लं-प्यालं ते वहीत लिहायचं. त्या वह्या तपासायला रेणापूरची आरती नेमली होती. गळ्यात ओळखपत्र, कानामागे पेन. माझ्या टोकाला थंड जेल लावताना ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. लई गार तर नाही ना, म्हणून.

त्या दोनशे चाळीसांत सिद्धलिंगअप्पा होते. बाजारात त्यांचं तुरीचं, सोयाबीनचं अडत दुकान. उंच माणूस, पांढरा सदरा, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. तपासताना उजवा हात डोक्याखाली घेऊन पडायचं असतं. डबी बरगडीवर घरंगळू नये म्हणून त्यांनी ती डाव्या तळव्यात धरली, पूजेला धरतात तशी. बाकड्यावर त्यांच्या पत्नी गुरम्मा बसलेल्या. मी दहा वेळा टकटक केली. चरबीचा आकडा आला तीनशे बारा. इथले डॉक्टर अडीचशेच्या आत आला की मान डोलावतात.

सहा महिने अप्पा रोज पहाटे चालले. रात्रीचा भात सोडला. वजन चार किलो उतरलं. दुसऱ्या तपासणीला दोघंही जत्रेला निघाल्यासारखे आले. मी टकटक केली आणि आवाज पहिल्यापेक्षाही ओल्या गोधडीतून आला. तीनशे अठरा.

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर!

डॉक्टर महांतेश आले, त्यांनी वही चाळली, वहीत सगळं नीटनेटकं होतं. मग त्यांनी फॉर्ममधला तो प्रश्न पुन्हा विचारला. विचारावाच लागतो. अप्पा, कधीमधी, पाहुण्यांसंगं, थोडीफार दारू? तसं असेल तर तुमचं नाव या अभ्यासातून काढावं लागेल.

अप्पांनी छताकडे पाहिलं. तळव्यातली डबी घट्ट धरली. एका शब्दात नाही म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर ज्या घरात तो वाससुद्धा शिरला नाही, त्या घरच्या माणसाला असं विचारावं, हेच त्यांना इतकं लागलं की ते उठले, सदरा घातला आणि बाहेर गेले.

गुरम्मा मागे राहिल्या. आरतीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, तुझं हे मशीन सांगतंय का गं? पिऊन झालंय का न पिता?"

आरती म्हणाली, "न्हाई काकू. त्याला नुसतं किती ते कळतं. कशानं झालं ते न्हाई कळत."

खरं होतं ते. पण इतकं खरं बोलून कुणाच्या मनातला काटा निघत नाही. गुरम्मांच्या चेहऱ्यावर तो काटा मला दिसत होता: माझं माणूस दर आठवड्याला मालासाठी देगलूरला जातं, एकटं जातं. विचारल्यावर नाही का म्हणालं नाही?

नाव काढायच्या आधी महिनाभर थांबू, असं डॉक्टर म्हणाले. तो महिना मी हुकाला टांगून काढला. रोज कुणाकुणाच्या दारावर टकटक करायचो, पण कान लागलेले त्या एका घराकडे.

आणि एका सकाळी गुरम्मा आल्या. मागून अप्पाही आले, ओढून आणल्यासारखे, तोंड फुगवून. गुरम्मांनी टेबलावर पदराची गाठ सोडली. तुरीचे दाणे घरंगळले. दोन माझ्या वायरीपाशी येऊन थांबले.

"मोज," त्या आरतीला म्हणाल्या.

बावीस होते.

मग गुरम्मांनी सांगितलं. दुकानातली देवाची देवळी पुसायची म्हणून त्या आदल्या दिवशी सकाळीच जाऊन बसल्या होत्या. पोत्यांच्या थप्पीआड, दिवसभर. कोण येतंय, काय आणतंय, काय प्यायला देतंय, बघायला. वेळ जाईना म्हणून, अप्पांच्या ओठाला नवा ग्लास लागला की तुरीच्या ढिगातला एक दाणा पदरात. दिवेलागणीला दाणे झाले बावीस, आणि एकूणएक सटवाजीच्या टपरीवरच्या चहाचे. माल घेऊन शेतकरी आला की अर्धा कप. भाव ठरला की अर्धा कप. भाव नाही ठरला तर जाताना अर्धा कप.

आरतीनं वही उघडली. रोजच्या पानावर एकच ओळ होती: चहा, दोन कप.

"अप्पा, हे कामून न्हाई लिवलं?"

अप्पा खरंच बुचकळ्यात पडले होते. "त्यो च्या आपण पितो व्हय? त्यो तर गिऱ्हाईक पितंय. आपण नुसतं संगं बसतो. शेतकऱ्यानं घोट घ्यावा अन् अडत्यानं हात बांधून बसावं, ही काय माणसाची रीत हाय?"

आरतीनं बोटांवर हिशेब केला. सटवाजीच्या हातची साखर धरली तर दिवसाला जवळजवळ पावशेर. डॉक्टर महांतेश हसले नाहीत. त्यांनी नाव ठेवलं आणि वहीत नवा रकाना आखून दिला: दुकानात, दुसऱ्यासोबत. पुढं बाकीच्या दोनशे एकोणचाळीस वह्यांतही तो रकाना आला, आणि कितीतरी अर्धे कप उजेडात आले.

ग्लास सोडणं अप्पांना शक्य नव्हतं. त्यांनी साखर सोडली. त्याच ग्लासात, त्याच वेळी, कोरा बिनसाखरेचा चहा. रेणापूरकडचे शेतकरी टोमणे मारायचे, अप्पा, आता आमच्यासंगं च्या बी गोड लागंना का? अप्पा म्हणायचे, तोंड तुमच्याकडंच हाय, साखर तेवढी घरी ठेवून आलो. हे सगळं गुरम्मा दर महिन्याला वही दाखवायला आल्या की आरतीला सांगायच्या, आणि मी ऐकायचो.

वर्ष भरलं. शेवटच्या तपासणीचा दिवस. खिडकीतून कोवळं ऊन आलेलं, अप्पा पडलेले, उजवा हात डोक्याखाली, डाव्या तळव्यात डबी. आरतीनं जेल आधी मनगटावर लावून पाहिलं. मी टकटक केली. एक, दोन, तीन... आणि लाट निघाली, सावकाश, दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरातून जावी तशी. बाकड्यावर गुरम्मा स्वतःशीच गुणगुणत होत्या.

कोण वाजीतं गं दार, हळू बोटाच्या टोकानं
माझ्या चुड्याचं गं घर, किती ऱ्हाईलं मुक्यानं

आकडा आला दोनशे सत्तेचाळीस. सगळं साखरेमुळंच उतरलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. चालणं आहे, रात्रीचं हलकं जेवण आहे, घरच्या माणसाची नजर आहे. आरती कागद आणायला बाहेर गेली. खोलीत ती दोघं, आणि मी.

गुरम्मा उठून पलंगाशी आल्या. कापसानं अप्पांच्या बरगडीवरचं जेल पुसू लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

"म्या तुमच्या पिशवीचा वास घेतला व्हता," त्या म्हणाल्या. "देगलूरहून आल्यावर. दोनदा."

अप्पा छताकडेच बघत होते. "ठावं हाय मला. म्हून तर मी पिशवी दाराशीच ठेवत होतो. तुला घेता यावा म्हून."

गुरम्मांचा हात बरगडीवरच थांबला. मी अजून तिथंच, अप्पांच्या कुशीला टेकून पडलेलो होतो. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी हजारो घरांचे आवाज ऐकले, पण त्या घडीला जे ऐकलं त्याला माझ्या पडद्यावर आकडा नाही.

आता शेजारच्या टेबलावर नवं यंत्र आलं आहे. चकचकीत, पोचा नसलेलं. मला लवकरच डब्यात ठेवतील. ठेवोत. पण ठेवण्याआधी माझं टोक मऊ फडक्यानं पुसा, वायरीला पीळ देऊ नका आणि मला पुन्हा फरशीवर पाडू नका. थकलेलं असलं तरी अंग अजून ऐकतं. तसंच तुमच्या बरगडीआडचं घरही. ते दुखत नाही म्हणून ते नाहीच, असं समजू नका. कुणी प्रेमानं दार वाजवून विचारलं तर खरं सांगा, अर्धा कपसुद्धा लपवू नका. आणि प्रश्न लागला म्हणून सदरा घालून उठून जाऊ नका.

गुरम्मांच्या बावीस दाण्यांतला एक अजून या टेबलाच्या फटीत अडकून आहे. आरती रोज टेबल पुसते. त्या फटीवरून मात्र ती फडकं हलकेच नेते.