मशीनची हजेरी

"पण माझा प्रोग्राम एवढा चालतच नाही जी!" विजयमालाबाईंनी मशीनच्या वेळेचा कागद अरविंदसमोर टेबलावर आपटला.

सौसरच्या सूतगिरणीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. मशीन एकच, त्यावर तिघांची कामं एकदम चालायची: श्रीकांतचा स्टोअरचा हिशेब, देवीदासच्या कापसाच्या गाठींची नोंद आणि बाईंकडचे कामगारांचे पगार. नागपूरच्या साहेबांनी नवीन फर्मान काढलं होतं. ज्याचा प्रोग्राम मशीनचा सगळ्यात जास्त वेळ खातो, त्याचं काम नागपूरला न्यायचं आणि त्याला घरी पाठवायचं. कागदावर जवळजवळ सगळा वेळ बाईंच्याच नावावर होता. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला. पांढुर्ण्यातलं घर याच नोकरीवर चालत होतं.

मशीन तपासायला आलेला अरविंद नागपूरचाच, पण मनानं साधा.

"बाई, मशीन सारा वेळ पाहत नाही. ठरल्या वेळानं त्याची आतली घंटा होते. तेव्हा जो काम करताना सापडला, त्याच्या नावावर मागच्या घंटेपासूनचा सारा वेळ चढते."

"अन् श्रीकांतचा?"

"त्याचा प्रोग्राम घंटा झाल्याबरोबर उठते, काम आटपते अन् पुढच्या घंटेच्या आत झोपते. सापडतच नाही. उरलेल्या वेळात तुमचा कामाले लागते, अन् घंटेले तोच सापडते."

"म्हणजे काम त्याचंबी, अन् नाव माझं? साहेबाले सांगा ना हे!"

"सांगतलं. ते म्हणते, मशीन कायले खोटं बोलन?"

बाईंना हसू आलं, तेही कडूच. गिरणीतला मुकादम असाच अवचित फेरी मारायचा आणि त्या क्षणी जी बसलेली दिसली तिची हजेरी कापायचा. यंत्र तरी न्यायानं वागेल, असं बाईंना वाटलं होतं. कसलं काय!

"तुमचाबी घंटेच्या आधी झोपवून टाका," अरविंद हळूच म्हणाला. दोन ओळी लिहून दिल्या आणि तो नागपूरच्या गाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या ओळी घालून पाहिल्या. त्यांच्या नावावर वेळ उरलाच नाही! जीव भांड्यात पडला. मग नजर खाली गेली. सगळा वेळ देवीदासच्या नावावर चढला होता; घंटेला आता त्याचाच प्रोग्राम सापडत होता.

देवीदास शेजारीच एका बोटानं आकडे बडवत होता. गाठी उचलून उचलून पाठ गेली, म्हणून त्याला हे बसून करायचं काम मिळालेलं. दुसरं काही त्याच्याच्यानं होणार नव्हतं.

"काय झालं बाई? काहून गप्प झाल्या?"

"काही नाही, भाऊ. तपासून राहिली."

त्याला कधी कळलंही नसतं. त्यानं मशीनलाच बोल लावला असता. भांडावं तर कोणाशी? श्रीकांतची चूक नव्हती, अरविंदची नव्हती, आणि मशीनला कोण जाब विचारणार? मग दोन्ही ओळी त्यांनी पुसून टाकल्या.

शनिवारी साहेबांकडे जायचा कागद निघाला. देवीदासनं तो बोट ठेवून वाचला.

"बाई, तुमचंच नाव आलं जी."

"येऊ द्या."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच शरमून मान खाली घातली. बाईंनी खुर्ची पुढे ओढून प्रोग्राम चालू केला. गिरणीचे पगार अजून व्हायचे होते.