बाविसाव्या मजल्यावरचा हक्क

काचेचा तो टॉवर बांधला बाबांनी, आणि बांधता बांधता बुडाले तेही बाबाच. विकताना मात्र त्यांनी एक अट घालून घेतली. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली ते जिवंत असेपर्यंत त्यांची; सलग महिनाभर तिथे पाऊल पडलं नाही, तर हक्क संपला. घेणाऱ्याने हसत हसत सही केली. म्हातारा असा टिकून टिकून किती टिकणार?

म्हातारा टिकला. पहिल्या मालकाने काचा निळ्या केल्या आणि तो गेला. बाबा त्याच्या शोकसभेला नवा शर्ट घालून गेले. मग एक बँक आली, तिचंच दिवाळं निघालं. मग दोन साडू आले, ते एकमेकांच्या उरावर बसले आणि टॉवर विकून मोकळे झाले. दारावरची पाटी दर वेळी बदलली, खोली बाबांचीच राहिली.

या सगळ्यात जीव मेटाकुटीला आला तो लेकीचा. रोज बाबांना तयार करायचं, चाकांच्या खुर्चीतून वर न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत खोलीबाहेर स्टुलावर बसायचं. आत यायची तिला परवानगी नव्हती. "मालकाच्या खोलीत घरच्यांचं काय काम?" म्हणायचे. आणि मालक आत करायचे काय, तर खिडकीतून खाली बघायचे! तिला स्थळं आली, स्टूल बघून परत गेली. केस पिकले.

चौथी मालकीण तरुण होती आणि गोड बोलायची. एकदा ती स्टुलाजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, त्यांना मी बोटही लावणार नाही. तुम्ही फक्त महिनाभर आणू नका. तुमच्या नावावर घर करून देते."

लेकीने विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

बाबांना हल्ली काल आणि परवा यांचा मेळ लागत नसे. सकाळी ते शर्ट मागू लागले तशी ती म्हणाली, "आज रविवार, बाबा. टॉवर बंद."

"बरं. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशीही रविवार. तिसऱ्या दिवशीही. आधी तिची जीभ अडखळली, मग सवय झाली, मग चक्क मजा येऊ लागली. जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस मुकाट्याने जेवून खिडकीशी बसत होता.

महिना उलटला. खरं तर आता त्यांना न्यायची काही गरज नव्हती. पण तिला त्यांचं तोंड बघायचं होतं.

"चला, उजाडला एकदाचा सोमवार," ती म्हणाली.

वर कोपऱ्यात भिंतच उरली नव्हती. तिथे कॉफीचं मशीन होतं आणि ऑफिसातली पोरं त्याला टेकून खिदळत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. तिची निराशाच झाली.

"रविवार फार झाले गं," ते म्हणाले.

"तुम्हाला कळत होतं?"

"खिडकीखालून रोज पोरं दप्तरं घेऊन शाळेत जायची. एवढं दिसतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, दमलीय पोरगी. घेऊ दे जरा विसावा. महिना भरायच्या आत नेईल."

तिने खुर्ची वळवली. चाक लिफ्टच्या दाराला आपटलं. लिफ्ट खाली जाऊ लागली तसे बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"आता खरंच रोज रविवार," ते म्हणाले.