गावंडे मॅडमचं 'नेव्हर'

कार्तिकातलं ऊन घाटंजीत कापसाच्या धुरळ्यातून गाळून यायचं, आणि त्या पांढुरक्या, मऊ उजेडात गावंडे मॅडमचा खडू फळ्यावर करकरायचा. त्यांच्या ओसरीवर आम्ही दहावीची वीस-बावीस मुलं-मुली इंग्रजीच्या शिकवणीला बसायचो. समोरच्या जिनिंग कारखान्यातून उडालेले कापसाचे तंतू त्यांच्या करड्या अंबाड्यावर, कडक इस्त्रीच्या पदरावर येऊन विसावत; ते त्या कधी झटकत नसत. चूक मात्र त्यांना क्षणभरही सोसवत नसे.

दर आठवड्याला त्या एक क्रियाविशेषण शिकवायच्या. शनिवारी ज्याला उठवतील त्यानं त्या शब्दाचं एक खरं वाक्य, स्वतःच्या आयुष्यातलं, फळ्यावर लिहायचं. ते पुढच्या शनिवारपर्यंत पुसलं जात नसे. रोज शिकवणी सुरू होताना सगळ्यांनी ते सात वेळा एका सुरात म्हणायचं, आणि सूर धरायचा मी. माझा आवाज मोठा होता आणि मी त्यांची लाडकी होते.

'नेव्हर'चा आठवडा अजून लख्ख आठवतो. शब्द उलगडताना मॅडम सुंदर दिसायच्या, हे कबूल करायलाच हवं. बोटांवर पाखरू बसावं तसा उजवा हात हवेत अलगद थांबायचा. "हा शब्द तीन कामं करतो," त्या म्हणाल्या. "सवय सांगतो: मी चहा कधीच घेत नाही. अनुभव सांगतो: मी समुद्र कधीच पाहिलेला नाही. आणि 'विल'नंतर आला की भाकीत करतो. तिथे जपून वापरायचा." जपायला आम्हाला सांगितलं, त्या स्वतः जपल्या नाहीत.

त्या शनिवारी त्यांनी सुषमाला उठवलं. ती माझ्या शेजारी, एकाच सतरंजीवर बसायची. तिला नर्स व्हायचं होतं, आणि दहावीला एकदा इंग्रजी निघालं की झालं, हे ती उठता-बसता म्हणायची. वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात जावं लागल्यानं तिचा तो आठवडा बुडाला होता. वेणीत अजून कापूस अडकलेला. 'आय नेव्हर' एवढंच लिहून ती थांबली.

"पुढचं येत नाई मले, मॅडम."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला, तिचे दोन शब्द पुसले आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: सुषमा विल नेव्हर स्पीक इंग्लिश.

सहा दिवस आम्ही ते म्हटलं. सुषमानं एकही दिवस चुकवला नाही. मांडी घालून, नजर फळ्यावर रोखून, ती आमच्या सुरात सूर मिसळून स्वतःचंच भाकीत म्हणत राहिली, आणि सहाव्या दिवशी तिचे उच्चार माझ्याहून स्वच्छ झाले होते. शनिवारी फळा पुसला गेला. सुषमा आली नाही. दहावीचा इंग्रजीचा पेपर तिनं कोरा दिल्याचं कुणीतरी सांगितलं. मी ते ऐकलं आणि पोटभर जेवले.

आता मी यवतमाळला इंग्रजीच शिकवते. गेल्या कार्तिकात कळलं, मॅडमची स्मृती गेली आहे आणि त्यांचं सगळं करायला सुषमा असते. मी घाटंजीला गेले ती मॅडमसाठी नव्हे. पंचवीस वर्षं उशिरा माफी मागून मला हलकं व्हायचं होतं.

ओसरी तीच. जिनिंग बंद पडल्यामुळे ऊन कोरडं, आणि मॅडमच्या पदरावर एकही तंतू नाही. सुषमा त्यांच्यासमोर वरणभाताची वाटी घेऊन बसली होती.

"सुषमा, तवा माह्यं चुकलं," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलंही नाही. "भात थंडा होऊन राह्यला." मग वाटी माझ्या हातात दिली. "फळ्यावरचं ते वाक्य म्हटल्याबिगर त्या तोंड उघडत नाईत. बाकी सारं विसरल्या, तेवढं ध्यानात हाये. म्हण तू. तुहाच आवाज मोठा होता."

मी घास उचलला. वाक्य मात्र मला म्हणवेना. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, ओठ घट्ट मिटलेले, भूक डोळ्यांत उतरलेली. मला चांगलं व्हायचं होतं आणि त्यापायी एक म्हातारी उपाशी बसली होती.

सुषमानं वाटी परत घेतली. रागानं नाही, उशीर होत होता म्हणून. ती वाकली आणि ते वाक्य म्हणाली, संथ, स्वच्छ, एकही स्वर न ढळू देता. मॅडमनी तोंड उघडलं. घास गिळून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"व्हेरी गुड, बाळ. नाव काय तुझं?"

"सुषमा," ती म्हणाली, आणि पुढचा घास कालवू लागली.

मॅडमच्या स्मृतीतून मुलगी निघून गेली आणि तिच्यावर लिहिलेलं तेवढं उरलं. काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवताना काळाला कुणाची दया आली नाही, कधीच.